मी काढून टाकलेली रिकामी ओळ

गोविंदण्णा गेल्याचा फोन सकाळी आला, तेव्हा मी आमच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत अवरेच्या शेंगा सोलत बसलो होतो. फोन गिरिजाचा, त्यांच्या मुलीचा. "काका, अप्पा गेले. आंघोळ करून खुर्चीत बसले होते, तसेच गेले." चामराजपेटला त्यांच्या घरी पोचायला मला दोन तास लागले. हॉलमध्ये माणसं दाटीवाटीनं उभी होती. पुढच्या तयारीसाठी आलेल्या भटजींनी विचारलं, "आज तिथी कोणती हो?" दाराजवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या नातेवाइकानं सवयीनं उत्तर दिलं, "अण्णांना विचारा की." मग त्यानंच तोंडावर हात धरला. कुणीतरी मोबाइल काढून तिथी शोधू लागलं. ती लवकर सापडेना...

त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. बंगळूरमधल्या आमच्या जुन्या मराठी घरांत तिथी अण्णांनाच विचारायची रीत होती. आम्ही इथं कित्येक पिढ्यांपूर्वी आलेली माणसं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि मुलं आपापसात इंग्रजी बोलतात. आजोबा कोणत्या महिन्यात गेले हे नातवाला ठाऊक नसतं. अशा घरांना दर वर्षी युगादीच्या आधी अण्णांचा कागद यायचा. डावीकडे घरातल्या गेलेल्या माणसांची नावं, उजवीकडे त्यांची तिथी आणि यंदा ती कोणत्या तारखेला येते ते. त्या कागदावर विसंबून लोक रजा टाकत, भटजींना सांगून ठेवत, गावाहून बहिणींना बोलावत. फोनही यायचे. "अण्णा, यंदा आमचे आजोबा रविवारी येतात का बघा की, ऑफिसात रजा मिळत नाही." अण्णा गंभीरपणे म्हणायचे, "सरी, बरं, आजोबांना विचारून सांगतो."

मी आणि गोविंदण्णा एकाच कारखान्यात होतो. ते भांडारात, मी कॉम्प्युटर विभागात. त्यांच्या वडिलांनी नात्यातल्या घरांच्या तिथींची एक वही ठेवली होती. वडील गेल्यावर ती अण्णांकडे आली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यापुढे येऊन बसले आणि म्हणाले, "परशा, तुझ्या मशीनला पंचांग शिकवता येईल काय रे?" मी तोऱ्यात म्हणालो, "मशीनला काहीही शिकवता येतं, शिकवणारा पाहिजे." हे त्यांनी मनावर घेतलं. माझ्याकडून पुस्तकं नेली, घरी एक कॉम्प्युटर आणला, आणि दोन वर्षं खपून स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, माउस नाही, चित्रं नाहीत. दर वर्षी नवीन पंचांग आलं की ते आठवडाभर बसून प्रत्येक तिथी केव्हा सुरू होते, केव्हा संपते ते त्यात भरत. दुपारी असलेली तिथी श्राद्धाला धरायची, क्षय तिथीचं काय करायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि त्या प्रोग्रॅममध्ये होतं. छपाईचा भाग तेवढा मी करून दिला होता. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबरुंद कागद डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून करकरत बाहेर यायचा. अण्णा आणि वहिनी तो जमिनीवर पसरून, एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि एकानं जुन्या वहीशी ताडायचं, असं करून तपासत. मग घराघराचा तुकडा कापून त्यावर अण्णा पेननं मराठीत लिहीत, 'तुमची पणजी', 'तुमचे थोरले काका'. नुसत्या नावावरून मुलांना कळत नाही म्हणत.

त्या यादीत एका नावापुढे उजवीकडची जागा रिकामी असे. ते नाव अण्णांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतीचं. श्रीपती एकोणीस वर्षांचा असताना वडिलांशी भांडून घरातून गेला. त्याला मॅजेस्टिकच्या बस स्टँडवर शेवटचं पाहिलं एवढंच एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, पुढे काहीच कळलं नाही. त्यांच्या आईनं मरेपर्यंत त्याची तिथी ठरवू दिली नाही. तो येईल म्हणाली. ती गेल्यावर अण्णांनी त्याचं नाव यादीत घातलं आणि तारखेची जागा कोरी ठेवली. मी एकदा विचारलं, "मेलेल्यांच्या यादीत कशाला घालता?" ते म्हणाले, "मेला असं मी कुठं म्हणतोय? घरच्यांच्या यादीतनं गाळू कसा, ते सांग."

दोन वर्षांपूर्वी तो जुना कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. प्रिंटरची सुई आधीच मोडकी होती. गिरिजा कोरमंगलाला राहते, कॉम्प्युटरच्याच कंपनीत काम करते. तिनं वडिलांना नवा लॅपटॉप आणि नवा प्रिंटर आणून दिला. "अप्पा, आता हे सगळं नवीन करून घेऊ या," ती म्हणाली. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "आमचं जुनंच चालेल. परशा आहे की." मला ते फार आवडलं. जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा एक प्रोग्रॅम असतो, तो मी लॅपटॉपवर बसवला. अण्णांचा काळा पडदा नव्या यंत्रावर जसाच्या तसा उघडला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी त्यावर वर्षाचं पंचांग भरलं. मग छापायची वेळ आली आणि छापलं जाईना.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सोप्या शब्दांत सांगतो. जुना प्रोग्रॅम प्रिंटरशी थेट बोलतो, एकेक अक्षर त्याच्याकडे फेकतो. नव्या प्रिंटरला ती बोली कळत नाही. तो दिवे लुकलुकवतो, एक कोरा कागद बाहेर टाकतो आणि गप्प बसतो. मी आठ दिवस खटपट केली. केबल बदलल्या, निरनिराळे मार्ग करून पाहिले. गिरिजा म्हणाली, "काका, आमच्या ऑफिसमध्ये एक जण आहे, त्याला विचारू का?" मी म्हणालो, "यात काय विचारायचंय?" आता मला कळलंय की यावर चांगला उपाय होता, विचारलं असतं तर अर्ध्या तासात मिळाला असता. पण अण्णांनी माझं नाव घेतलं होतं ना...

शेवटी मी प्रिंटरकडे जाणारा मजकूर वळवून एका फाइलमध्ये घेतला. त्यात अक्षरं सगळी होती, पण ओळी रुंद कागदाच्या मापाच्या. साध्या कागदावर त्या मावेनात. नावं एका पानावर आणि तिथी-तारखा दुसऱ्याच पानावर जाऊ लागल्या. मी दोन्ही वेगळ्या काढून स्प्रेडशीटमध्ये शेजारी शेजारी ठेवायचं ठरवलं. प्रत्येक पानाच्या शेवटी प्रोग्रॅम काही रिकाम्या ओळी सोडायचा, त्या नको होत्या. दोन्ही रकान्यांतल्या सगळ्या रिकाम्या ओळी मी एका फटक्यात काढून टाकल्या. त्यात तारखांकडची श्रीपतीची ओळही गेली. नावांच्या रकान्यात त्याचं नाव होतं, त्यापुढची कोरी जागा मी पुसली होती. त्यामुळे त्याच्या खालची प्रत्येक तारीख एक ओळ वर सरकली. यादी इंग्रजी आद्याक्षरांनी लावलेली, आणि अण्णांचं घर, मोहिते, मधोमध येतं. श्रीपतीच्या पुढे पुढच्या घरातल्या माणसाची तिथी आली, त्याच्यापुढे त्याच्या पुढच्याची, असं यादीच्या शेवटपर्यंत. अगदी शेवटच्या नावापुढे मात्र जागा रिकामी राहिली. ती पाहून मी थांबायला हवं होतं. अण्णांच्या यादीत एक रिकामी जागा असते एवढं मला आठवलं, आणि हीच ती असेल असं धरून मी पुढे गेलो. नाव वाचायचे कष्टही घेतले नाहीत.

त्या आठवड्यात अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वहिनी त्यांच्या औषधांत गुंतलेल्या. डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून ते पलंगावर बसले होते. मी कागदांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी हातानं कडा चाचपल्या, भोकं नाहीत म्हणून हसले. मग विचारलं, "वहीशी ताडून बघितलास ना रे?" मी म्हणालो, "बघितलं." बघितलं नव्हतं. पहिलं पान वरवर पाहिलं होतं, ते बरोबर होतं. कागद पाकिटांत घालून मीच टपालात टाकले.

रामनवमी होऊन चार दिवस झाले असतील. अण्णांना देवनहळ्ळीहून शारदक्कांचा फोन आला. शारदक्का शिंदे, ऐंशीच्या पुढच्या, किल्ल्याजवळच्या जुन्या घरात एकट्या राहतात. त्यांच्या यजमानांची तिथी रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी. त्या म्हणाल्या, "अण्णा, दरसालचं मला आठवत होतं. पण तुमच्या कागदावर श्रावण आहे म्हणून मी थांबले. म्हटलं अण्णांनी काही बघूनच घातलं असणार." दिवस तर टळून गेला होता. त्यानंतर आणखी दोन घरांतून फोन आले. एका घरानं तर भटजींना बोलावून, स्वयंपाक करून, दुसऱ्याच कुणाच्या तरी वडिलांच्या दिवशी आपल्या वडिलांचं श्राद्ध केलं होतं.

अण्णांनी मला फोन केला. मी घरी स्प्रेडशीट उघडली आणि पाच मिनिटांत मला ती जागा सापडली. त्या पाच मिनिटांनंतरचं सगळं मी जाणूनबुजून केलं आहे, म्हणून ते नीट सांगायला हवं. मी चूक दुरुस्त केली, नवे कागद छापले, या वेळी ओळ न् ओळ ताडली, आणि ते घेऊन चामराजपेटला गेलो. वाटेत मनाशी वाक्य जुळवलं होतं. मी दारातून आत शिरतो तोच अण्णा म्हणाले, "परशा, माझ्या हातनं काहीतरी भलतंच भरलं गेलं बघ. तू होतास म्हणून निदान दुरुस्त तरी झालं." मी गठ्ठा टेबलावर ठेवला. वहिनींनी कॉफी आणली. मी कॉफी प्यायलो.

नवे कागद टपालानं पाठवून चालणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांची तिथी चुकली होती त्यांच्या घरी स्वतः जायचं. मीही बरोबर गेलो. नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि त्यांना एकटं सोडवेना. देवनहळ्ळीला बसनं गेलो. शारदक्कांच्या ओसरीवर अण्णांनी हात जोडले. "अक्का, माझं चुकलं. यंत्राचं नाही, माझंच." शारदक्कांनी त्यांचे हात धरून खाली घेतले. "बिडी अण्णा, जाऊ द्या. त्यांना काय, दोन दिवस उशिरा जेवले तरी चालतं. जिवंतपणी तरी कधी वेळेवर येत होते जेवायला?" त्या हसल्या, आम्हाला खायला घातलं. अण्णा हसले नाहीत.

परतताना बसमध्ये त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या स्वतःच्या घराचा, पहिल्या छपाईतला. आई-वडिलांच्या तिथी बरोबर होत्या. त्याखाली श्रीपतीचं नाव आणि त्यापुढे वैशाख वद्य चतुर्थी. "हे बघ," ते म्हणाले, "मी श्रीपतीला तिथी घातली. माझ्या हातानं घातली आणि मला आठवत नाही. असं कसं झालं असेल रे?" खिडकीबाहेर शेतांतून आखलेले प्लॉट जात होते. त्यांचा नुकता बरा झालेला डोळा पाण्यानं भरला होता. औषधाचं पाणी की कसलं, मी पाहिलं नाही. मला सांगता आलं असतं की अण्णा, ती तुमच्या हातची नाही, ती पुढच्या घरातल्या माणसाची तारीख आहे, मी ओळ पुसली म्हणून वर आली. तीन वाक्यं. मी म्हणालो, "वय झालं आता आपलं, अण्णा. होतं असं."

ते वाक्य मी दोन वर्षं ऐकत आलोय...

पुढच्या वर्षी त्यांनी पंचांग भरलं नाही. लॅपटॉप गिरिजाला परत दिला. लोकांचे फोन आले की म्हणायचे, "माझा भरवसा राहिला नाही, तुम्ही मठात विचारा." मी भेटायला जायचो. ते माझ्याशी नेहमीसारखं बोलत, मागच्या गोष्टी तारीखवार सांगत. मला वाटायचं, बघा, ठीक तर आहेत. पुढच्या खेपेला सांगू. प्रत्येक खेपेला वहिनी समोर असायच्या, नाहीतर गिरिजा असायची, नाहीतर ते खुशीत असायचे आणि खुशीतल्या माणसाला कशाला... अशी कारणं मिळतच गेली.

ते गेल्यानंतर तीन आठवड्यांनी वहिनींचा निरोप आला. युगादी जवळ आली होती. "भावजी, त्यांचं नाव त्यांच्याच यादीत घालून एक कागद छापून द्याल काय?" गिरिजानं लॅपटॉप आणून ठेवला होता. मी अण्णांच्या खोलीत बसलो, काळा पडदा उघडला, मोहित्यांच्या घरात त्यांचं नाव घातलं, गेल्याचा दिवस घातला. या वेळी मी गिरिजाला आधीच विचारलं होतं आणि तिच्या ओळखीच्या माणसानं छपाई सुरळीत करून दिली होती. नव्या प्रिंटरनं एकही खोट न काढता कागद बाहेर टाकला. त्यावर नावं होती. उजवीकडे काहीच नव्हतं. एकाही नावापुढे नाही. यंदाचं पंचांग कुणी भरलंच नव्हतं, त्याशिवाय तो प्रोग्रॅम तिथीही छापत नसे, आणि ते कसं भरायचं हे त्यांनी कुणाला सांगून ठेवलं नव्हतं. मी त्यांना विचारलंही नव्हतं. मी पुन्हा छापलं, पुन्हा तसंच. सगळी घरं, सगळी माणसं, आणि समोर कोरा कागद. इतकी वर्षं या यंत्रांत घालवलेला मी तिथे नुसता बसून राहिलो.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं?" तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. रिकाम्या ओळीचं, 'बघितलं' म्हणालो त्याचं, बसमधलं. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी श्रीपतीभावजींना तिथी घातलीच नव्हती?"

"नाही वहिनी."

"ते मला रोज विचारायचे. श्रीपतीचा काही निरोप आला होता काय ग? कुणी सांगून गेलं आणि मी विसरलो काय? मी म्हणायची, कुणी आलं नाही हो, तुम्हाला भास होतो. त्यांना पटायचं नाही. कागदावर तारीख आहे म्हणायचे, मी उगाच कशी घालीन. एकदा दुपारी न सांगता मॅजेस्टिकला गेले. बस स्टँडवर चार तास बसले होते. गिरिजा घेऊन आली. मग मी त्यांना एकटं बाहेर सोडलंच नाही. डोकं ठिकाणावर होतं म्हणायचं त्यांचं."

मी मान खाली घातली. यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. मी यायचो त्या दिवशी ते नीट कपडे करून बसायचे, एवढंच मी पाहत होतो.

"मला माफ करा," मी म्हणालो.

"मला काय सांगता भावजी? मी त्यांच्यावर ओरडलेय त्यापायी. लिहा हे. जिथं जिथं तो कागद गेला होता त्या सगळ्यांना कळू दे. लोक त्यांना विसराळू म्हणून गेले."

म्हणून हे लिहिलं. ज्या घरांत त्या वर्षी चुकीचा कागद आला, त्या घरांनी हे वाचावं. गोविंदण्णांनी पंचांग अचूक भरलं होतं. त्यांच्या प्रोग्रॅमनं प्रत्येक तिथी बरोबर काढली होती. ज्याला तिथी नव्हती त्याची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. चूक माझी, आणि गप्प राहिलो तेही मीच. हे त्यांना सांगायचं राहिलं, आणि आता त्याला काही इलाज नाही.

त्या दिवशी निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. दाराची खालची कडी काढायला त्या वाकल्या. अगदी उंबऱ्यालगत बसवलेली नवी पितळी कडी. इतके दिवस मी ती पाहत होतो आणि चोरांसाठी असेल असं समजत होतो. त्यांना वाकायला त्रास होत होता. मी म्हणालो, "एवढी खाली कशाला बसवली?"

"त्यांचे गुडघे वाकायचे नाहीत ना. त्यांना काढता येऊ नये म्हणून," त्या म्हणाल्या.

सुतार पाठवून ती काढून घेऊ का, असं मी विचारलं.

"नको. असू दे. अजून रोज लावते मी."

मी पायऱ्या उतरून फाटकापाशी आलो तेव्हा मागे दार लागलं. मग थोडा वेळ काहीच आवाज नाही. त्या भिंतीला धरून खाली वाकत असाव्यात. आणि मग उंबऱ्यापाशी ती कडी सरकल्याचा आवाज आला.